पंतांना घेऊन सखीरला

परत आल्यापासून बरेच जण विचारतात, बहारीनला पाहण्यासारखं काय आहे? त्यानंतर विचारतात, सोनं स्वस्त मिळतं का? मी सोन्याच्या दुकानात पाऊल टाकलं नाही. मी गेले होते भावजयीला घेऊन यायला. तीन आठवडे तिथं राहिले आणि त्यातला बराच वेळ एका कुत्र्याबरोबर चालण्यात गेला. त्यामुळे इथं जे लिहिते आहे ते त्या चालण्यात दिसलेलं आहे. बाकीचं बहारीन दुसऱ्या कोणाकडून ऐकावं.

कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या होत्या, त्याच्या पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी.

अराद

विमानतळापासून घर दहा मिनिटांवर होतं. तळमजला, पुढे हातभर अंगण, अंगणाला पुरुषभर उंचीची पांढरी भिंत. टॅक्सी थांबली तसा दारातून कुत्रा आला. वाळूच्या रंगाचा, कान उभे, चेहरा जुन्या शाळेतल्या हेडमास्तरांसारखा. त्यानं माझ्या चपला हुंगल्या, बॅग हुंगली, मग टॅक्सीत डोकं घालून मागची सीट हुंगली. तिथं कोणी नव्हतं. तो परत येऊन पायरीवर बसला.

"दर गाडीला असंच करतो," वहिनी म्हणाल्या. "हात धुऊन घ्या, वन्सं. पिठलंभात केलाय."

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, सित्र्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात सोळा वर्षं इंजिनियर होता. भाद्रपदात तो झोपेतच गेला. तिथली रीत अशी की बायकोचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर असतो. नोकरी संपली की व्हिसा संपला. कागदपत्रांसाठी वहिनींना मुदत मिळाली होती ती फेब्रुवारीअखेरपर्यंत. मी माण तालुक्यात सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. सामान बांधणं, कागद लावून ठेवणं, रडणाऱ्या माणसाला पाणी देणं, ही कामं मला येतात. पण वहिनी रडत नव्हत्या. त्यांनी सगळ्या कपाटांवर याद्या चिकटवून ठेवल्या होत्या. "ठाणे" म्हणजे लेकीकडे न्यायचं, "देसाई" म्हणजे अण्णाच्या सहकाऱ्याला द्यायचं, "टाकणे" म्हणजे टाकणे.

"आणि पंत?" मी विचारलं. कुत्र्याचं नाव पंत होतं. अण्णानं तो कारखान्याच्या फाटकाशी पिल्लू असताना उचलून आणला आणि चेहऱ्यावरून नाव ठेवलं.

"पंताची बुधवारची वेळ घेतली आहे. आपण निघायच्या आधीच्या बुधवारी. सकाळी नऊला, जनावरांच्या डॉक्टरकडे." त्या चहा गाळत होत्या. "इंजेक्शन देतात. त्रास होत नाही म्हणे."

माझ्या पेशात माणूस एखादं वाक्य असं सपाट बोलला की त्याला लगेच अडवू नये, हे शिकलेलं असतं. संध्याकाळी मी स्वतःच्या स्टेथोस्कोपनं पंताची छाती ऐकली. अकरा वर्षांचा कुत्रा. ठोक्यामागे फुसकारा स्पष्ट होता. विमानाच्या मालाच्या भागातून हा ठाण्यापर्यंत पोचणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं ते खरंच होतं. आणि पोचला असता तरी लेकीच्या दोन खोल्यांत तान्हं मूल होतं, त्याला दमा होता.

"दुसरं कोणी ठेवून घेणार नाही?"

"दोघांनी घेऊन पाहिला. दोघांनी परत आणला," वहिनी म्हणाल्या. "चूक आमचीच आहे, वन्सं. आम्ही त्याला माणसासारखा वाढवला. वरणभातावर. आणि मराठीत."

पहिली घेणारी एक इंग्रज बाई होती. तिनं तिसऱ्या दिवशी गाडीतून परत आणला. कुत्रा गोड आहे, पण बहिरा असावा, असं तिचं मत झालं. डब्यातल्या मांसाला त्यानं तोंड लावलं नव्हतं.

स्वयंपाकघरात खिळ्याला जुन्या दिनदर्शिकांचा गठ्ठा टांगलेला होता. सामान आवरताना मी तो चाळला. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कुठल्यातरी शुक्रवारच्या चौकोनात अण्णाच्या अक्षरात दोनच शब्द होते: "सखीर उघडलं." गेल्या वर्षी मात्र तिथं लिहिलं होतं, "सखीर उघडलं. काजळी."

सखीर म्हणजे बेटाच्या मधलं वाळवंट. हिवाळ्यात तिथं दोन-तीन पाऊस होतात आणि त्यानंतर काही आठवडे जमीन हिरवी होते, तेच उघडणं. अण्णा दर शुक्रवारी पंताला घेऊन ते पाहायला जायचा.

"यंदा पाऊस झालाय," वहिनी म्हणाल्या. "देसाई नेतो म्हणालेत. तुम्ही पंताला घेऊन जा आणि उघडलं का तेवढं पाहून या. उघडलं असेल तर बुधवारच्या आधी त्याला एकदा त्यावरून पळू द्या."

"तुम्ही?"

"मला काय कळतंय त्यातलं? ते त्यांचं होतं."

सखीर, पहिला शुक्रवार

देसाई पुण्याचे. मुलं इंग्रजी शाळेत, बापानं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. देसाईंची कंपनीची जागा चौथ्या मजल्यावर, तिथं कुत्रा चालत नाही. ते त्यांनी मला गाडीत बसल्याबसल्या सांगून टाकलं. मागच्या सीटवर वर्तमानपत्रं अंथरलेली होती. पंत त्यावर सवयीनं बसला.

वाटेत इराणी भट्टीवर थांबलो. खुबूस, म्हणजे तिथली रोटी, परातीएवढी असते आणि कागदाच्या तुकड्यावर देतात. आपण भाकरी दुमडत नाही, मोडतो. तिथं सगळे ती टॉवेलासारखी खांद्यावर टाकून नेतात. गरम असताना नुसतीही चांगली लागते.

सखीरला गाडी थांबली तेव्हा मला वाटलं, वाटेत काही बिघडलं. पाहण्यासारखं काहीच नव्हतं. पिवळट जमीन, तेलाचे पाइप, लांबवर माना हलवणारे पंप. क्षितिजाला पांढरे तंबू. थंडीत अरब कुटुंबं इथं महिनोन् महिने तंबू ठोकून राहतात. घरी वातानुकूलित खोल्या असून जमिनीवर झोपायला येतात. आपल्याकडे ज्याला घर नाही तो पालात राहतो, म्हणून हे समजायला मला वेळ लागला.

उत्तरेचा वारा असा होता की शालीला पिना लावाव्या लागल्या. मी पंताबरोबर तासभर चालले. दुष्काळी भागातली मी, कोरडी जमीन मला नवी नाही. माणमध्ये जमीन भेगाळते आणि काळी पडते. इथं ती वरून नुसती मीठ शिंपडल्यासारखी दिसते. हिरवं काही नव्हतं. घरी येऊन मी तसं सांगितलं.

"अजून पुढचा शुक्रवार आहे," वहिनी म्हणाल्या आणि पितळेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या.

मीना सलमान

मधल्या दिवसांत मी रोज सकाळी पंताला घेऊन अरादच्या किनाऱ्यानं चालायची. ओहोटीला समुद्र अर्धा मैल मागे जातो आणि चिखल उघडा पडतो. मातकट रंगाच्या दगडी किल्ल्याच्या बाजूनं पोरं क्रिकेट खेळतात. बायका कुत्रा पाहून अंगावरचा काळा अबाया सावरून रस्ता बदलतात. मी आधी रागावले. मग आठवलं, आमची आजी सोवळ्यात असताना आम्ही पोरंसुद्धा अशीच रस्ता बदलायचो.

मंगळवारी सामानाच्या पेट्या जहाजावर द्यायला मीना सलमान बंदरात गेलो. तिथल्या एका गोदामाच्या मलबारी व्यवस्थापकानं पंताला राखणीसाठी ठेवून पाहिलं होतं. दुसरा घेणारा तो हाच. त्यानं मला गोदामाची पायरी दाखवली.

"यहीं बैठता था. बहनजी, आपका कुत्ता बहुत शरीफ है. चोर आए तो उसको भी बैठके देखता है. हमारा आदमी बोला 'गो', नहीं गया. अरबी में 'रो' बोला, 'यल्ला' बोला, मफी, कुछ नहीं! पाँच दिन खाना नहीं खाया. मेरी बीवी बोली, मर जाएगा, पाप लगेगा, खलास, वापस करो."

तो खरंच ओशाळला होता. पेट्यांवर नंबर घालताना त्यानं दोनदा विचारलं, आता कुत्र्याचं काय करणार? मी सांगितलं. त्यानं पेन खिशात ठेवलं आणि म्हणाला, "अच्छा." मग पुढची पेटी मोजायला गेला.

सखीर, दुसरा शुक्रवार

त्या शुक्रवारी देसाईंनी जरा आत जाऊ म्हणून गाडी रस्ता सोडून घातली. जमीन वरून टणक दिसत होती. शंभर पावलांवर कवच फुटलं आणि पुढची दोन्ही चाकं खालच्या ओल्या मातीत रुतली. देसाई तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत खाली उतरले. मी मागचं दार उघडलं आणि चूक केली. पंत उडी मारून गेला. पुढे घोरपडीसारखं काहीतरी पळत होतं, त्याच्या मागे, थेट तंबूंकडे.

मी हाका मारल्या. वाऱ्यानं त्या माझ्याच अंगावर परत आल्या. म्हाताऱ्या कुत्र्याचं ते हृदय मी ऐकलेलं होतं. मी साडी खोचून पळायला लागले.

तंबूंपासून एक माणूस काठी घेऊन पुढे आला. मला वाटलं, आता मारणार.

"आरं थांब! बस तिथं!"

पंत बसला. जणू कोणी दोरी ओढली.

मी धापा टाकत पोचले तेव्हा दोघं एकमेकांकडे पाहत होते. माणूस साठीच्या पुढचा, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, अंगात जुना लष्करी कोट.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"मी दापोलीचा. हसन," तो म्हणाला. "पण कुत्रा कंचा? हा अरबी कुत्रा मराठी कसा काय ऐकतो?"

"याला दुसरं काही येत नाही."

"मग माझ्यासारखाच हाय. बावीस वर्षं झाली, मना पण अरबी धड येत नाय." त्यानं मान वाकडी करून पाहिलं. "नाव काय?"

"पंत."

"तोबा! आमच्या गावच्या पंतांना कळला तर माझी जमीन काढून घेतील!" तो पहिल्यांदा हसला. तेवढ्यात पंतानं पुढे होऊन त्याचा हात चाटला.

हसनभाईंनी हात झटक्यानं मागे घेतला. रागावले मात्र नाहीत. शांतपणे पाण्याच्या पिंपाकडे गेले, मूठभर माती घेतली, तिनं हात चोळला, मग पाण्यानं धुतला. पुन्हा धुतला. मी मोजलं, मातीचं धरून सात वेळा. "आमच्यात असाच हाय," ते म्हणाले. "थुंकी लागली तर सात वेळा, त्यात एकदा माती. राखणीला कुत्रा ठेवायला ना नाय, घरात घ्यायचा नाय." आमच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा इतके हात धूत नाहीत, असं मी म्हणाले. ते त्यांना आवडलं.

देसाईंची गाडी त्यांनी दोन फळ्या घालून काढून दिली. मग तंबूच्या आडोशाला दुधाशिवायचा चहा दिला. ते एका अरबाच्या तळावर राखणदार होते. थंडी संपली की कुटुंबं घरी जातात, पण मालकाच्या शेळ्या आणि तंबूंचं सामान तिथंच राहतं. मग उन्हाळाभर हसनभाई एकटे. मी त्यांना विचारलं, हे वाळवंट उघडतं म्हणतात ते कधी?

"उघडलाय की! तुम्ही काय बघता?"

मी चौफेर हात फिरवला. "कुठं?"

"उभा राहून नाय दिसायचा, बाई. खाली बसा. उन्हाकडे तोंड करून."

मी उकिडवी बसले. आणि खरोखर, वीत-दोन वीत उंचीवरून पाहिल्यावर सगळ्या जमिनीवर हिरवी लव होती. एकेक रोप नखाएवढं, वरून पाहिलं तर दोन रोपांमधली वाळूच दिसायची. मागच्या शुक्रवारी मी तासभर त्यावरूनच चालले होते. हसनभाईंनी एका ठिकाणी काठी टेकवली. जमिनीला तीन बारीक भेगा पडल्या होत्या आणि मध्ये किंचित फुगवटा होता. बोटांनी उकरून त्यांनी बटाट्यासारखं काहीतरी काढलं. त्याला तिथं फगा म्हणतात. आपल्या अळंब्यांचाच जमिनीखालचा भाऊ. ढग गडगडले की होतो अशी तिथंही समजूत आहे. दापोलीलाही अळंब्यांबद्दल हेच म्हणतात, असं ते म्हणाले. माणमध्येही म्हणतात, मी सांगितलं.

पंत जवळच आडवा पडून लोळत होता. उठल्यावर त्याच्या पाठीला हिरवे डाग पडले होते.

मी आडवळणानं बोलत नाही. तिथंच सगळं सांगितलं: भाऊ गेला, वहिनी चालल्या, बुधवारी सकाळी नऊ. "म्हातारा आहे," मी म्हणाले. "हृदय चांगलं नाही. वर्ष काढेल, दोन काढेल."

"मी तरी किती काढणार हाय?" ते म्हणाले. मग बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले. "मालकाला विचारायला हवा. सोमवारी येतो तो. हो म्हणाला तर इंशाल्ला."

पुन्हा अराद

घरी येऊन मी वहिनींच्या हातात फगा ठेवला आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. उघडलंय, आणि कदाचित जागा मिळेल.

पहिल्या गोष्टीवर त्यांनी फगा हुंगून पाहिला. दुसऱ्या गोष्टीवर म्हणाल्या, "नको."

"का?"

"तिसऱ्यांदा परत आला तर? आला तरी तेव्हा मी इथं असणार नाही. मग तो त्या तंबूच्या दाराशी बसून उपाशी मरेल आणि मला ठाण्यात कळणारसुद्धा नाही. बुधवारी निदान मी त्याच्या शेजारी असेन."

हे म्हणणं चुकीचं नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलंही. "पण दवाखान्यातून घरी सोडताना आम्हीसुद्धा रोग्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या स्वाधीन करतो, वहिनी. खात्री कधीच नसते. तुम्ही एकदा चला आणि माणूस पाहा. नाही पटला तर बुधवार आहेच."

"मी सखीरला कधी गेले नाही, वन्सं. सोळा वर्षांत एकदाही नाही. ते म्हणायचे चल, मी म्हणायची वाळू काय बघायची."

"मग मंगळवारी बघा."

त्या उठून पंताच्या जेवणाकडे वळल्या. भात मऊ कालवून, तूप घालून, ताटली भिंतीशी ठेवली. तो खाईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "देसाईंना फोन करा."

सखीर, मंगळवार

देसाई अर्धी रजा टाकून आले. वहिनी मागच्या सीटवर पंताशेजारी बसल्या, मांडीवर त्याच्या मऊ भाताचा स्टीलचा डबा. या वेळी देसाईंनी गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवली आणि आम्ही चालत गेलो. वहिनींचे गुडघे दुखतात, त्यामुळे हळू. पंत पुढे जायचा, थांबायचा, मागे पाहायचा.

चार दिवसांत रोपं वाढली होती. आता उभ्यानंही दिसत होती. बारीक पिवळी फुलं आली होती. वहिनी एकदा थांबल्या, चपलेचा पाय उचलून खाली पाहिलं आणि पुढचं पाऊल बाजूला टाकलं.

हसनभाई पुढे आले. "मालक हो म्हणाला," त्यांनी मला सांगितलं. मग वहिनींना सलाम करून दोन हात लांब उभे राहिले.

वहिनींनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. "मांस खात नाही तो."

"बरा झाला. माझा वाटा वाचला."

"भात मऊ लागतो. वरण पातळ."

"मना पण दात नायत, बाई."

"विजा कडाडल्या की घाबरतो. तेव्हा त्याच्याशी बोलावं लागतं."

"मी तर शेळ्यांशी पण बोलतो. दुसरा हाय कोण इथं?"

"चतुर्थीला त्याला साबुदाणा..." वहिनी थांबल्या. "ते राहू दे. त्याची गरज नाही."

"रोजे असतील तेव्हा मी उपाशी राहीन, त्याला ठेवणार नाय," हसनभाई म्हणाले. "जागा दाखवतो." तंबूच्या बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, त्यांनी लाकडी खोका आडवा करून त्यात पोतं घातलं होतं. शेजारी मातीचा ढीग आणि पाण्याचा डबा, स्वतःच्या हातांसाठी. वहिनींनी वाकून पोत्याला हात लावून पाहिला. कोरडं होतं.

देसाई घड्याळ पाहायला लागले. मी म्हणाले, "चला तर, वहिनी. दोरी द्या त्यांच्याकडे."

वहिनींनी दोरी पुढे केली. हसनभाईंनी हात पुढे केला नाही.

"असा नाय, बाई. तोंडानं बोला. दिला म्हणा. मनात धरून ठेवलेली चीज दिली तरी दिलेली होत नाय. आमच्यात देणाऱ्यानं बोलावा लागतो, घेणाऱ्यानं बोलावा लागतो. मग ती खरी."

वारा तंबूच्या कापडाला लागत होता. वहिनी दोरीकडे पाहत उभ्या राहिल्या. डॉक्टरची वेळ त्यांनी फोनवर एका वाक्यात घेतली होती. मृत्यूचा दाखला, व्हिसाचे कागद, घराचा ताबा, सगळ्यांवर सह्या केल्या होत्या. आता ओठ हलले आणि आवाज आला नाही. आणि तिथं, पाच महिन्यांनंतर, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"मी म्हणते," मी म्हणाले. "मी त्यांची नणंद आहे. आम्ही दिला."

"तुमचा नाय तो," हसनभाई मला म्हणाले. आवाज मऊ होता, पण हात मागेच होता. "त्यांना वेळ घेऊ दे. मना कुठं जायचा हाय?"

ते खाली बसले. मीही बसले. देसाई पाठमोरे होऊन पंपांकडे पाहत राहिले. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. पंत वहिनींच्या पायाशी बसून आळीपाळीनं आमच्याकडे पाहत होता.

शेवटी वहिनी त्याच्याशी बोलल्या, आमच्याशी नाही. "पंत, हे हसनभाई. यांचं ऐकायचं." मग मान वर केली.

"दिला," त्या म्हणाल्या.

"घेतला," हसनभाई म्हणाले, आणि तेव्हाच उठून त्यांनी दोरीला हात लावला.